त्या उन्हाळ्यात मी ‘हो’ म्हटलं

परवा शेजारच्यांनी कूलर लावला. प्रताप नगरात एप्रिल लागला की आधी एका खिडकीत कूलर दिसतो आणि आठवड्याभरात सगळी गल्ली घरघरायला लागते. ताट्यांत भरलेलं नवं गवत, त्यावर पहिल्यांदा सोडलेलं पाणी आणि तो ओला, किंचित कडवट वास. नागपूरच्या माणसाला त्या वासानं बरं वाटतं, आता उन्हाळा निभेल असं वाटतं. माझ्या मात्र घशाला कोरड पडते. मी पोस्टातून आले होते, काउंटरवर दिवसभर बसून मान आखडली होती, तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा अजून सोडला नव्हता, आणि तशीच गेटपाशी उभी राहिले. मध्ये एक अख्खा उन्हाळा येऊन गेला, तरी त्या आधीचा उन्हाळा काही जात नाही.

त्या वर्षी आमच्या घरात पाणी मोजून मिळत होतं. मोजून मिळत होतं ते सुधाकरला. सुधाकर म्हणजे माझा नवरा. लिहिताना एकेरी येतं, बोलताना मी अजून ‘अहो’च म्हणते. इतवारीत भांड्यांच्या ठोक दुकानात त्याची पंचवीस वर्षं गेली. पातेल्यावर नुसतं बोट वाजवून तो पत्रा किती जाड ते सांगायचा. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, आणि गेलं ते लिव्हरच. आधी मधुमेह, मग यकृतावर चरबी, मग आतल्या आत वर्षानुवर्षं ते दगडासारखं होत गेलं आणि आम्हाला कळलं तेव्हा त्याचे डोळे पिवळे झाले होते. लोकांना हे पटायचं नाही. भेटायला आलेला प्रत्येकजण निघताना दारात मला हळूच विचारायचा, “घेत होते काय?” सुरुवातीला मी भांडायचे. नंतर ‘नाही’ एवढंच म्हणायचे. शेवटी शेवटी तेवढंही म्हणवत नव्हतं.

त्याच्या पोटात पाणी साचायचं. हातापायांच्या काड्या झालेल्या आणि पोट तेवढं ताणलेलं, चकचकीत. दवाखान्यात सुई घालून ते पाणी काढायचे, आठ-दहा दिवसांत ते पुन्हा भरायचं. म्हणून डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर ठरवून दिलं होतं. चहा, औषधं, वरणाचं पाणी, सगळं त्यात. मीठ जवळजवळ बंद. आणि बाहेर ऊन असं, की दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंही दिसू नये. मी एका बाटलीवर पेनानं रेघा मारल्या होत्या. नऊपर्यंत इथवर, जेवताना इथवर, चारला इथवर. चारची रेघ यायच्या आधीच तो बाटलीकडे बघत बसलेला असायचा.

“एक घोट दे वं.”

“चार वाजता.”

“चारले मी राहीन काय?” तो हसत म्हणायचा. पण जीभ टाळूला चिकटलेली असायची, आणि ते हसू अर्ध्यावरच थांबायचं.

एकदा आंघोळीहून तो बराच वेळ बाहेर आला नाही. मी दार ढकललं तर तो बादलीपुढे उकिडवा बसला होता, हातात मग, मिशी ओली, छातीवरून ओघळ. मी त्याच्या हातातला मग हिसकावला. बावन्न वर्षांच्या माणसाला मी लहान पोराला रागवावं तशी ओरडले. “मरायचं आहे काय तुम्हाले? सांगा, मरायचं आहे काय?” तो टॉवेल नीट गुंडाळून घेत म्हणाला, “नळ आवाज करून राहिला होता. मले राहवलं नाही.” मी स्वयंपाकघरात गेले आणि सवयीनं माठातलं पाणी प्यायले. गटागटा. ग्लास खाली ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की तो दारात उभा राहून बघत होता. त्या दिवसापासून त्याच्यासमोर मी पाणी पिणं सोडलं. घरातले सगळे ग्लास मी वरच्या फळीवर ठेवले.

ट्रान्सप्लांट हा शब्द आमच्या घरात फेब्रुवारीत आला. सर्जन शांत माणूस होता. त्यानं कागदावर यकृत काढून दाखवलं, उजवा भाग, डावा भाग, आणि म्हणाला, दोन रस्ते आहेत. एक म्हणजे मेंदू मृत झालेल्या माणसाचं यकृत मिळणं. त्यासाठी यादीत नाव घालू, पण वाट बघण्याइतका वेळ यांच्याकडे आहे असं मला वाटत नाही. दुसरा म्हणजे घरातल्या कुणीतरी आपल्या यकृताचा भाग देणं.

यादीत नाव गेलं. त्यानंतर माझं जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी मी बाल्कनीत उभी राहायचे आणि खालून मोटारसायकलवर जाणारी पोरं बघायचे. हेल्मेट नाही, एका हातात मोबाईल, दोघं नाही तर तिघं एका गाडीवर. आधी मी अशा पोरांवर चिडायचे. त्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे बघायचे आणि माझ्या मनात एक विचार येऊन बसायचा. मी त्याला हाकलायचे, तो पुन्हा यायचा. सकाळी पेपर आला की मी आधी अपघाताची बातमी शोधायचे. कुणाचा तरी मुलगा. वाचून झालं की पेपर घडी करून ठेवायचे आणि फोनकडे बघायचे. फोन आला नाही.

मग मी. सुधाकरची बहीण महालात राहते, पण तिचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. आनंदानं मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले. स्कॅन झाला आणि कळलं, की माझ्याही यकृतात चरबी आहे. असं यकृत घेता येत नाही. ट्रान्सप्लांटचं सगळं बघणारी एक कोऑर्डिनेटर होती, तरुण, जाड भिंगाचा चष्मा असलेली. ती म्हणाली, “मॅडम, सहा आठवडे द्या. चालणं, तेल-तूप-साखर बंद. बऱ्याच जणांची चरबी उतरते. उतरली की पुढच्या तपासण्या.”

सहा आठवडे. मी उजाडायच्या सुमारास उद्यानात जायचे आणि फेऱ्या मारायचे, घाम मानेवरून पाठीत उतरेपर्यंत. गुडघे सुजले तरी मारायचे. परत येऊन उकडलेला दुधी, मुगाचं पाणी, काकडी. पोस्टात बसल्या बसल्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. घरात एक माणूस तहानलेला आणि एक भुकेला. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो, त्याच्या ताटात बिनमिठाची भाजी, माझ्या ताटात बिनतेलाची. उद्यानातल्या बायका मला म्हणायच्या, “बाप्पा, किती बारीक झाल्या तुम्ही! कोणता डाएट करून राहिल्या?” एक तर चेहरा किती उजळला म्हणाली. मी हसायचे आणि पुढची फेरी धरायचे. मनात एकच धोशा. उतर. उतर. उतर.

मी इतकी का धावत होते, ते सांगायला हवं. नवऱ्याचा जीव हे तर होतंच. पण माझ्या मागे रांगेत दुसरं एक माणूस उभं होतं. आमची मुलगी समीक्षा. एकवीस वर्षांची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिचा रक्तगट बापाचाच. मी धावत होते ती तिच्यापर्यंत पाळी येऊ नये म्हणून.

समीक्षाची परीक्षा तेव्हाच चालू होती. ती आतल्या खोलीत वह्या पसरून बसायची, कानात बोळे घालून, कारण बाहेरच्या खोलीत बाप खाजेनं रात्रंदिवस अंग ओरबाडायचा आणि त्याचा आवाज यायचा. एका दुपारी ती पेपरला गेली असताना सुधाकरनं मला जवळ बोलावलं. त्या दिवसांत तो बराचसा गुंगीत असायचा, यकृत साफ करत नाही ते सगळं डोक्यात चढतं म्हणे. कधी तारीख विसरायचा, कधी चमचा कसा धरायचा ते. पण त्या दुपारी त्याचे डोळे स्वच्छ होते.

“सुनंदा,” तो म्हणाला. एरवी तो मला नावानं हाक मारत नाही. “तुझं नाही जमलं, तं पोरीले हात लावाचा नाही.”

“माझं जमते. तुम्ही नका विचार करू.”

“नाही जमलं तं? मले सांग. आत्ता सांग. माझी शपथ घे.”

त्यानं माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. केस चिकट लागले, कपाळ तापलेलं. मी म्हटलं, “हाव. नाही लावत.” त्यानं डोळे मिटले, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला.

सहा आठवड्यांनी माझी चरबी उतरली होती. कोऑर्डिनेटरनं रिपोर्ट बघून टाळी वाजवली. मग मोठा स्कॅन झाला, शिरेतून औषध सोडून, यकृताच्या भागांचं माप काढायला. दोन दिवसांनी सर्जननं बोलावलं. त्यानं तोच कागद पुढे ओढला आणि पेनचं टोक डाव्या भागावर ठेवलं. तो भाग माझ्यात जन्मापासूनच लहान होता. उजवा काढून घेतला, तर माझ्याकडे उरेल तेवढ्यावर मी जगणार नाही.

“मी अजून कमी करते,” मी म्हटलं. “अजून दोन आठवडे द्या.”

“यात कमी करण्यासारखं काही नाही, ताई.”

“मग जास्त चालते.”

तो पेन खाली ठेवत म्हणाला, “तुमच्या हातात होतं ते तुम्ही केलं. हे तुमच्या हातातलं नाही.”

“माझं मी बघून घेईन. लिहून देते मी. तुम्ही घ्या.”

“एक वाचवायला दुसरा मारता येत नाही मला,” तो म्हणाला. मी उठले. त्या खोलीतून बाहेर कशी आले ते आठवत नाही. पार्किंगमध्ये माझ्या स्कूटीची सीट तव्यासारखी तापलेली होती आणि मी तशीच तिच्यावर बसले. चटका बसला. उठावंसं वाटलं नाही.

घरी समीक्षा दारातच उभी होती. माझा चेहरा बघून तिनं पाण्याचा ग्लास दिला, मी पिईपर्यंत थांबली, आणि म्हणाली, “मग आता माझं.”

“नाही.”

“आई, मी विचारून नाही राहिली. सांगून राहिली. मी त्या कोऑर्डिनेटर मॅडमले भेटून आली. दोन पेपरांच्या मध्ये सुट्टी होती ना, तेव्हा. सगळं विचारलं मी.”

“बाबांनी शपथ घातली आहे मले.”

“तुले घातली. मले कुठं घातली?”

मी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ती हलली नाही. गालावर माझी बोटं उमटत होती आणि ती म्हणाली, “तू काहून स्वतःले देऊन राहिली होती? मग मले काहून नाही?”

इथं एक गोष्ट लिहिली नाही तर बाकीचं लिहिण्याला अर्थ नाही. ती ‘आता माझं’ म्हणाली, त्या क्षणी, ‘नाही’ तोंडातून निघायच्या आधी, मला आनंद झाला. अगदी एवढासा, पापणी लवेपर्यंत. पण झाला. सुधाकर वाचेल, हा तो आनंद होता, आणि त्याच्यात माझी मुलगी कुठंच नव्हती. तो क्षण मी पुष्कळ वेळा उलटसुलट करून बघितला आहे. मला त्याची क्षमा सापडलेली नाही.

समीक्षाचं सगळं जुळलं. यकृत स्वच्छ, माप योग्य. डॉक्टर ‘उत्तम’ म्हणाले, आणि मला तो शब्द शिवीसारखा लागला. तोवर सुधाकर पूर्ण गुंगीत गेला होता. आयसीयूत हाक मारली तर डोळे उघडायचा, पण त्या डोळ्यांत कुणी नसायचं. त्याला विचारण्याचा प्रश्नच उरला नव्हता. त्याच्या वतीनं सही माझीच.

मग समितीसमोर जायचं होतं. अवयव देणाऱ्यावर कुणी जबरदस्ती तर करत नाही ना, हे तपासणारी समिती. लांबट टेबल, तीन माणसं, एका कोपऱ्यात व्हिडिओ कॅमेरा. आधी समीक्षाला विचारलं. ती ताठ बसून उत्तरं देत होती, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी. धोका माहीत आहे? हो. मनात आलं तर शेवटच्या मिनिटालाही नाही म्हणता येतं, माहीत आहे? हो. मग समितीतल्या बाई माझ्याकडे वळल्या.

“तुमची मुलगी तिच्या वडिलांना यकृताचा भाग देते आहे. या शस्त्रक्रियेत तिच्याही जिवाला धोका असू शकतो, हे तुम्हाला समजावून सांगितलं आहे. तुमची संमती आहे?”

मी मान हलवली.

“ताई, मान हलवून चालणार नाही. तोंडानं सांगा. रेकॉर्ड व्हायला हवं.”

कॅमेऱ्यावर एक लाल दिवा जळत होता. समीक्षा माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होती. तिच्या करंगळीला पेनाची शाई लागलेली होती. मला वाटलं, मी आता तोंड उघडलं तर दुसराच काहीतरी आवाज निघेल, जनावराचा.

“हो,” मी म्हटलं.

ऑपरेशन नवतप्यात झालं. मे संपता संपता नऊ दिवस असे येतात, की आभाळातून ऊन नव्हे, निखारा पडतो. त्यातला तिसरा दिवस. सकाळी आधी समीक्षाला नेलं. हिरवा गाऊन, केस टोपीत कोंबलेले, त्यामुळे ती शाळेतल्या पोरीएवढी दिसत होती. स्ट्रेचरवरून ती म्हणाली, “आई, जेवून घे हं. उपाशी नको राहू आता.” दार बंद झालं. दोन तासांनी शेजारच्या दारातून सुधाकरला नेलं. मी दोन दारांच्या मध्ये असलेल्या खुर्चीवर बसले. बाहेर लोक देवाचं नाव घेत होते. मला कुणासाठी काय मागावं तेच समजत नव्हतं. एकासाठी हात जोडले की दुसऱ्याचं दार डोळ्यांपुढे यायचं.

मी कोष्ट्याची मुलगी. माझ्या वडिलांचा हातमाग होता. मागावर ताणलेला धागा तुटला, की ते श्वास रोखून दोन टोकं बोटांत धरायचे आणि असं सांधायचे की कापडात गाठ हाताला लागू नये. सर्जननं सांगितलं होतं, की तिच्या भागाच्या शिरा याच्या शिरांना केसाहून बारीक दोऱ्यानं जोडायच्या. दिवसभर मी डोळे मिटून फक्त वडिलांची बोटं बघत बसले. दुसरं काही मनाला झेपत नव्हतं.

दुपारी समीक्षा बाहेर आली, पांढरीफटक, ओठ कोरडे, पण जिवंत. सुधाकरला संध्याकाळ झाली. सर्जन आला, टोपी काढली आणि म्हणाला, “यकृताला रक्त पोचलं आणि ते लगेच गुलाबी झालं.” मी त्याच्या पायांवर कोसळले, असं नंतर कोऑर्डिनेटरनं सांगितलं.

पण त्या उन्हाळ्यातला सगळ्यात वाईट दिवस त्यानंतरचा होता. पाचव्या दिवशी सुधाकर नीट शुद्धीवर आला. मला आत जाऊ दिलं, पायांत कापडी मोजे, तोंडाला मास्क. मी पलंगाजवळ गेले आणि “अहो” म्हटलं. त्यानं मान वळवली. डोळ्यांतला पिवळा रंग फिका झाला होता, आणि कित्येक आठवड्यांनी त्या डोळ्यांत तो स्वतः होता. त्यानं मला ओळखलं. हसला. मग त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली आली, पोटापर्यंत, पायांपर्यंत, पुन्हा वर.

“तू,” तो म्हणाला. आवाज नळीनं खरवडलेला. “तू उभी कशी?”

मी त्याची चादर सारखी करायला लागले.

“इतक्या लवकर तू चालून कशी राहिली?”

नर्सनं माझ्याकडे बघितलं. मी पलंगाचा दांडा घट्ट धरला होता. मग त्याला कळलं. कुणी न सांगता. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी कधी विसरणार नाही. त्यानं मान फिरवली, भिंतीकडे. शेजारच्या यंत्राची टिकटिक वाढली आणि नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं.

त्यानंतर तो तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. नर्सशी बोलायचा, डॉक्टरांशी बोलायचा. समीक्षा पोट धरून, भिंतीचा आधार घेत पहिल्यांदा काचेपर्यंत त्याला बघायला आली, तेव्हा त्यानं पलीकडून हात जोडले. बापानं पोरीला हात जोडले. ती चिडून म्हणाली, “बाबा, असं नका करू ना, मले कसंतरी होते.” मी मागे उभी होते. मला त्यानं हात जोडले नाहीत आणि शिवीही दिली नाही. घरी आल्यावर तो बोलायला लागला, औषध दे, खिडकी लाव, एवढंच. त्या शपथेचं नाव त्यानं काढलं नाही. मीही काढलं नाही. आम्ही पुन्हा संसार करायला लागलो.

समीक्षाचं यकृत वाढून भरून आलं. ती एम.एस्सी.ला आहे. राहिलेले दोन पेपर तिनं हिवाळ्यात दिले. पोटावर मोठा वण आहे. महालातून नणंद आली होती, तेव्हा म्हणाली, “आता हिचं लग्न कसं होईन वं?” समीक्षा आतून ओरडली, “आत्या, ज्याले वण नाही चालत, तो मलेच नाही चालत.” सगळे हसले. सुधाकर हसला नाही.

यंदा होळीनंतरच्या एका रविवारी समीक्षाच्या पोटात दुखायला लागलं. सकाळी मैत्रिणींबरोबर तर्री-पोहे खाऊन आली होती आणि अकराच्या सुमारास पोटाला हात लावून बसली. एवढंच. पण आम्ही दोघांनी तिला एक शब्द बोलू दिला नाही. ऑटो, हॉस्पिटल, रक्त, सोनोग्राफी. सुधाकरचा एक पाय चपलेत आणि एक तसाच. डॉक्टर म्हणाले, तिखट बाधलं आहे, बाकी सगळं छान आहे. ती वैतागून घरी आली आणि गोळी घेऊन झोपली. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. भर दुपार होती, पंखा फिरत होता.

तो म्हणाला, “एक सांगू?”

“सांगा.”

“तुझ्या जागी मी असतो ना, अन् तू तिथं पडून असती, तं मी नाही म्हटलं असतं. पोरीले नसतंच जाऊ दिलं मी. तुले जाऊ दिलं असतं.”

“माहीत आहे मले,” मी म्हटलं.

“राग नाही येत?”

“नाही.”

राग खरंच नव्हता. उलट, इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा माझ्याशी खरं बोललं असं वाटलं. तो आपल्या तळहातांकडे बघत होता. मग अगदी हळू म्हणाला, “अन् तरी रोज सकाळी जाग येते, तं मले बरं वाटते. जिवंत आहो म्हणून बरं वाटते. त्याची लाज वाटते मले, सुनंदा.”

माझीही लाज तीच होती, फक्त दुसऱ्या बाजूनं. मी ती त्याला सांगणार होते. आत समीक्षा झोपेत कुशीवर वळली, पलंग करकरला, आणि आम्ही दोघंही एकदम उठून उभे राहिलो.